चाचणीपुरत्या सासूबाई गहाण

जुनी गाडी कशी घ्यावी हे मला कोणी शिकवायला येऊ नये! सत्तावन्न वर्षं रॉटरडॅमच्या दक्षिण काठावर काढलीत मी. इथे माणूस आधी भाव करतो आणि मग 'नमस्कार' म्हणतो. माझं सूत्र सोपं आहे. गाडी बघायचीच नाही, आधीचा मालक बघायचा! पोरासोरांची गाडी? नको. पिझ्झा पोचवणाऱ्याची? फुकट दिली तरी नको. पण जाहिरातीत 'वृद्ध महिलेने वापरलेली' असं दिसलं की डोळे मिटून घ्यायची. म्हातारी बाई रविवारी चर्चला जाते, मंगळवारी बाजारात जाते, घरी आली की गाडी फडक्याने पुसून झाकून ठेवते. इंजिन बिचारं गरमसुद्धा होत नाही!

हे सूत्र मी पंचवीस वर्षं लोकांना ऐकवत होतो. या मे महिन्यात पहिल्यांदा स्वतः वापरलं.

स्कूटर मला हौसेखातर नको होती. ज्या कंपनीत अर्धं आयुष्य कंटेनर मोजले, तिने मला काढलं. वर निरोपाला केक दिला. केकवर माझा फोटो छापलेला! साहेबांनी माझ्याच नाकाचा तुकडा कापून माझ्या ताटलीत घातला आणि मी तो खाल्ला. त्यानंतर आख्खा हिवाळा घरी बसून होतो. शेवटी नदीपलीकडच्या फळांच्या शीतगोदामात नोकरी लागली. गुरुवारपासून, पहाटे पाचला. त्या वेळी ट्राम झोपलेली असते. ट्रामवाल्यांना वाटतं, पाचच्या आधी उठणारी माणसं माणसांत मोडतच नाहीत! सायकल म्हणाल तर माझा गुडघा नको म्हणतो. मुकादमाने तर मुलाखतीतच सांगितलं होतं, "पहिल्याच दिवशी उशीर झाला तर फाटकावरूनच मागे फिरायचं. तुझ्यामागे अजून बरेच उभे आहेत."

म्हणजे गुरुवारच्या आत स्कूटर, नाहीतर पुन्हा घर, पुन्हा खिडकी, पुन्हा बायकोचा तो न बोलणारा चेहरा.

आणि शनिवारी सकाळी जाहिरात दिसली! 'निळ्या पाटीची छोटी स्कूटर. वृद्ध महिलेने वापरलेली. फक्त बाजारहाट.' निळी पाटी म्हणजे ताशी पंचवीस. त्याच्या वर गेलं तर पोलीस धरतात, खाली गेलं तर सायकलवाले शिव्या घालतात. मला तेवढी पुरे होती.

शनिवारी माझी बायको मार्लुस केशकर्तनालयात कामावर असते आणि सासूबाई माझ्या गळ्यात असतात. त्यांना रोपवाटिकेत न्यायचं असतं. म्हटलं, आधी स्कूटर बघू, मग तुमची जिरेनियमं. ट्रामने गेलो.

दार उघडलं रीनुस नावाच्या घामाघूम माणसाने. आत खुर्च्यांचं रिंगण! रिंगणात कॉफीचे कप घेऊन बसलेले नातेवाईक!

"आज आईचा वाढदिवस," रीनुस म्हणाला. "म्हटलं दोन्ही कामं एका दुपारी उरकावीत. या, या!"

आता आमच्याकडे वाढदिवस एकाचा आणि अभिनंदन सगळ्यांचं. त्यातून सुटका नाही. गाडी बघायला आलेल्या मला आख्ख्या रिंगणाला हात मिळवत फिरावं लागलं. आईच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन! वहिनीच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन! शेजारणीच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन! शेवटी उत्सवमूर्ती. योपी मावशी. एक्क्याऐंशी वर्षांच्या. पांढरे केस, साखळीचा चष्मा, हाताने विणलेलं स्वेटर. अशी म्हातारी बाहुल्यांच्या दुकानातच मिळावी! मी मनातल्या मनात म्हटलं, बास्तियान, सौदा झाला.

स्कूटर अंगणात होती. फिकट हिरवी, चकचकीत, पुढे वेताची टोपली. माझा जीव जडला.

"एक चक्कर मारून बघतो," मी म्हणालो.

"बघा ना. फोन ठेवून जा."

"फोन का?"

"माझ्या साडूची सायकल एकजण अशीच चक्कर मारायला घेऊन गेला. अजून मारतोय."

"फोन देणार नाही."

"लायसन्स?"

"ते तर मुळीच नाही!"

"मग घराची किल्ली."

"आणि पत्ता पण लिहून देऊ का? म्हणजे चोरी करायला सोपं!"

रीनुसने हात वर केले. सौदा इथेच मोडणार असं दिसायला लागलं. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला.

"मी बसते की इथे! केक आहे ना अजून?"

रीनुसने त्यांच्याकडे नीट पाहिलं. फर्निचर बघावं तसं.

"चालेल," तो म्हणाला. "पण परत न्यायला याल ना?"

सगळं रिंगण हसलं. मी पण हसलो. हसायला नको होतं.

योपी मावशींनी आपलं हेल्मेट दिलं. गुलाबी, वर पांढरी फुलं काढलेली. माझ्या डोक्याला ते दोन मापं लहान होतं. रीनुसने वरून दाबलं, मी खालून ओढलं. कान दुमडून आत गेले.

"हळू चालव हो बाळा," मावशी म्हणाल्या. "ती जरा चपळ आहे."

किती गोड, असं वाटलं मला!

पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. मग धक्क्यावरचा सरळ रस्ता लागला आणि मी मूठ थोडीशी पिळली. काट्याकडे बघितलं, तर तो पंचवीसवर सज्जनासारखा उभा होता. व्वा, म्हटलं, अगदी कायद्याने चालणारी गाडी! झाडं मात्र जरा घाईत दिसत होती. एक सायकलवाला आला आणि गेला. दुसरा आला आणि गेला. मग मी एका मोटारीला मागे टाकलं. मोटारीतल्या कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं. कुत्र्याला कळलं, मला नाही! मी म्हटलं, वारा मागून असेल.

पुढे रस्त्यात एक हात आडवा आला. पोलीस.

चार-पाच पोलीस होते, आणि मधे तो रोलर मांडलेला. गाडीचं मागचं चाक त्यावर चढवायचं, गाडी जागच्या जागी पळवायची, की तिच्या पोटात काय दडलंय ते बाहेर येतं. माझ्यासमोर आलेली पोरगी जेमतेम तिशीची. छातीवर नाव, यिल्दिझ. बोली अस्सल दक्षिण काठाची.

"काय काका, बोट सुटतेय का?"

"कसली बोट? पंचवीसने तर चाललोय!"

"रडार एकसष्ट सांगतंय."

"मग रडार दुरुस्त करून घ्या! माझा काटा बघा! पंचवीस!"

तिने वाकून काटा पाहिला. मग सावकाश माझ्याकडे पाहिलं.

"काका, गाडी बंद आहे. स्टँडवर आहे. काटा अजून पंचवीसवरच आहे."

मी बघितलं. होता. देवा!

चाक रोलरवर चढलं. इंजिन असं किंचाळलं की धक्क्यावरची बगळ्यांची रांग उडाली. आकडा चढत गेला. चाळीस. साठ. सत्तर. बाकीचे पोलीस हातातली कामं सोडून गोळा झाले. चौऱ्याऐंशीला थांबला. एकाने फोटो काढला. दुसरा चक्क म्हणाला, "वा!"

"गाडी कोणाची?" यिल्दिझने विचारलं.

"एका वृद्ध महिलेची."

"काका."

"खरंच! योपी मावशी! मी अजून घेतलेली नाही, नुसती चाचणी चाललीय!"

"मग त्यांच्याकडे तारण काय ठेवलंत? फोन? लायसन्स?"

माझे दोन्ही हात खिशांवर गेले. दोन्ही वस्तू माझ्याचकडे होत्या. माझ्याच शहाणपणामुळे.

"सासूबाई," मी म्हणालो.

तिचं पेन थांबलं.

"परत सांगा."

"सासूबाई ठेवल्यात."

मागचा पोलीस म्हणाला, "हे लिहायचंय का?"

"लावा फोन त्यांना," यिल्दिझ म्हणाली. "स्पीकरवर."

फोन हेल्मेटच्या आत जाईना म्हणून हातात धरून लावला. पलीकडे गाणं चाललं होतं, टाळ्या चालल्या होत्या.

"कोण? बास्तियान? अरे हळू बोल, चीजची ताटली फिरतेय."

"आई, मला पोलिसांनी धरलंय! मावशींना सांगा, गाडी त्यांची आहे म्हणावं!"

"नमस्कार मॅडम," यिल्दिझ मधे बोलली. "पोलीस बोलतेय. स्कूटरच्या मालकिणीला देता?"

गाणं थांबलं. टाळ्या थांबल्या. चीज चावायचेही थांबले असावेत. मग योपी मावशींचा तो मऊ, विणलेला आवाज.

"बोल बाळा."

"हिरवी स्कूटर तुमची का?"

"होती."

"होती म्हणजे?"

"विकली ना मघाशी. त्या मिशीवाल्याला. माणूस भला आहे गं, पण वेगाचं वेड दिसतंय त्याला."

"खोटं आहे!!" मी ओरडलो. हेल्मेटमधून ते नळातून आल्यासारखं आलं. "आई! सांगा ना! तुम्ही होतात तिथे!"

आणि मग माझ्या सख्ख्या सासूबाईंचा आवाज, शपथेवर बोलल्यासारखा!

"हो बाई. माझ्यासमोरच विकली. हात मिळवला दोघांनी."

"आई!!!"

"जावईबापू, पोलिसांशी खोटं बोलू नये."

फोन बंद.

यिल्दिझने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "एका बाजूला दोन आज्या, दुसऱ्या बाजूला एक गुलाबी हेल्मेट. काय करू मी काका? आणि गाडी कोणाची का असेना, रडारमध्ये तुम्ही आहात. लायसन्स द्या."

"गुरुवारपासून नोकरी आहे माझी!"

"द्या."

"परत कधी मिळेल?"

"ते सरकारी वकील ठरवतात. काही महिने धरून चला. आणि गाडी तपासून घेतल्याशिवाय चालू करायची नाही. ढकला."

आणि मी ढकलली! वारा आता अर्थातच समोरून होता. हेल्मेट काढायला गेलो तर कान यायला तयार नाहीत. मास नदीच्या काठाने एक मिशीवाला, डोक्यावर फुलं, पुढे वेताची टोपली. जाणारे-येणारे मान वळवून बघत होते. एकाने थांबून विचारलं, "पेट्रोल संपलं?" मी त्याला जे उत्तर दिलं ते छापता येणार नाही. पुढे बोटीसाठी पूल वर उचलला गेला. पुलाखालून वाळूची बोट निघाली होती, ती पण अशी की वाळूचा कण न् कण नदीला दाखवत चालली होती. मी पुलाच्या फाटकाशी उभा. डोळ्यांपुढे मुकादम, गोदामाचं फाटक, माझ्यामागे उभे असलेले ते बरेच. लायसन्स नाही म्हणजे स्कूटर नाही, आणि स्कूटर नाही म्हणजे गुरुवार नाही. आख्खा हिवाळा थांबून मिळालेली नोकरी मी एका दुपारच्या चकरेत घालवली होती!

तेवढ्यात मार्लुसचा फोन.

"आईचा फोन लागत नाहीये. तुझ्याजवळ आहे ना?"

"सुरक्षित आहे."

"सुरक्षित? कुठे सुरक्षित?"

"एका घरी. लोक चांगले आहेत. केक देतात."

"कोणते लोक, बास्तियान?"

"आडनाव विचारलं नाही."

पलीकडे केस वाळवायचं यंत्र बंद झाल्याचा आवाज आला.

"तू माझ्या आईला अनोळखी घरात ठेवून त्यांची स्कूटर नेलीस?"

"चाचणीपुरती!"

बायकोने कात्री आपटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आणि बरी आहे का?"

"स्कूटर?"

"आई!!"

त्या घराशी पोचलो तेव्हा माझ्यात फक्त राग शिल्लक होता. दार ढकललं, तोंड उघडलं, आणि बघतो तर अर्धं रिंगण बदललेलं! नवे काका, नव्या काकू. एकाने तर उठून हातच पुढे केला. सांगतो तुम्हाला, खुनाचा आरोप करायला आलेला माणूससुद्धा आमच्याकडे आधी फेरी पूर्ण करतो. बहिणीच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन! आत्याच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन! हेल्मेट घालून! रागाने थरथरत! सासूबाईंपाशी आलो, त्यांनीही हात पुढे केला. मैत्रिणीच्या वाढदिवसाबद्दल! त्या दोघी खुर्चीला खुर्ची लावून बसल्या होत्या आणि एकाच ताटलीत खात होत्या.

फेरी संपली आणि मी फुटलो.

"खोटारड्या आहात तुम्ही दोघी! चौऱ्याऐंशी! चौऱ्याऐंशी निघाले रोलरवर!"

कोपऱ्यातले काका म्हणाले, "केक संपला. लिव्हरची सॉसेज आहे."

रीनुस मात्र पांढरा पडला होता. "चौऱ्याऐंशी? आई?"

"फक्त?" योपी मावशी म्हणाल्या. "थंडीने असेल."

"आई!"

"काय आई, आई? इलेक्ट्रिक सायकलवाले मला ओलांडून जात होते! घंटी वाजवून! माझ्याहून म्हातारे! एकाने तर मागे वळून टोपी काढली. मग बाजारामागच्या गॅरेजवाल्याकडून करून घेतलं थोडंसं."

"थोडंसं! आणि काटा?"

"काटा मीच चिकटवला. तू मागे बसायचास तेव्हा तुला बरं वाटावं म्हणून."

रीनुस खाली बसला. इतकी वर्षं आपण कशाच्या मागे बसत होतो ते त्याला आत्ता कळत होतं. आमच्याकडे कॉफीबरोबर बिस्किट एकच मिळतं, पण एक काकू न विचारता दुसरं घेऊन मोकळ्या झाल्या. यावरून वातावरण किती बिघडलं होतं ते समजा.

"आणि पोलिसांशी खोटं का बोललात?" मी विचारलं.

पहिल्यांदाच मावशींच्या चेहऱ्यावरची बाहुली गेली. मागे एक थकलेली, हट्टी म्हातारी दिसली.

"दोनदा सापडलेय मी. तिसऱ्यांदा सापडले असते तर लायसन्स गेलं असतं. आणि या वयात गेलेलं परत देतं का कोणी? तुला देतील. मला नाही. म्हणून तर गाडी विकतेय, मोह नको म्हणून. निदान ते कार्ड तरी राहू दे पर्समध्ये."

"मला सांगितलं होतं तिने सगळं," सासूबाई म्हणाल्या. "तू चक्कर मारत होतास तेव्हा. म्हणून बोलले मी."

"तिला ओळखून किती वेळ झालाय तुम्हाला? मी जावई आहे तुमचा!"

"हो ना. तुला ओळखून तर कितीतरी वर्षं झालीत."

रिंगण हसलं. मी नाही हसलो. काय झालं माहीत नाही, पण आवाज माझा मलाच परका वाटला.

"गुरुवारी पाच वाजता मला फाटकाशी पोचायचंय. नाही पोचलो तर गेली नोकरी. पुन्हा कोणी घेणार नाही मला. मलाही नाही देणार परत, मावशी."

काकांनी सॉसेजची ताटली माझ्याकडे सरकवली. आमच्याकडे याहून जास्त सांत्वन कोणी करत नाही.

सासूबाईंनी हातातला कप ठेवला.

"मी सोडते," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"स्कूटरवरून! लायसन्स आहे माझ्याकडे. आणि तसंही माझी झोप चारला उघडते, मग छताकडे बघत पडून असते. त्यापेक्षा तुला सोडते."

"मी तुमच्या मागे बसू?"

"टोपलीत मावणार आहेस का?"

मग दोन्ही म्हाताऱ्यांनी मिळून माझं हेल्मेट काढलं. लोणी लावून. कान जागेवर आले. रीनुसने लाजेपोटी स्कूटर जवळजवळ फुकटच दिली, गाडीचे मूळ भाग त्याच रात्री बसवून टाकले, मंगळवारी ती सरकारी तपासणीत पास झाली. आता खरोखर पंचवीस. आणि गुरुवारी पहाटे आम्ही निघालो. पुढे सासूबाई, ताठ. मागे मी, त्यांच्या कमरेला धरून. दोनदा इलेक्ट्रिक सायकलवाले घंटी वाजवून पुढे गेले. पण फाटकाशी पोचलो तेव्हा ते अजून बंद होतं. मुकादम बाहेर सिगारेट ओढत होता. वेळेच्या आधी! नोकरी वाचली! मी उतरलो, छाती पुढे काढली, आणि मुकादम माझ्या शेजारून सरळ पुढे गेला.

"हा नवा माणूस तुमचाच का?" त्याने सासूबाईंना विचारलं.

"माझाच," सासूबाई म्हणाल्या. "कामाला चांगला आहे, पण डोक्याने जरा घाई करतो. काही कमी-जास्त झालं तर मला सांगा."

मुकादमाने मान डोलावली आणि खिशातून फोन काढून त्यांचा नंबर टिपून घेतला. माझा त्याने आजतागायत मागितलेला नाही. पाळी बदलायची असली, सुट्टी नाकारायची असली, मी सफरचंदांची पेटी पाडली हे कळवायचं असलं, की फोन सासूबाईंना जातो. परवा त्यांनीच माझ्या वतीने रविवारची जादा पाळी कबूल केली. मला कधी कळलं? रविवारी. मागच्या सीटवर. पूल ओलांडल्यावर.